ऑर्गनवालीचे पाय

हार्सुमच्या चर्चची किल्ली सासूबाईंच्या पश्चात माझ्याकडे आली. किल्लीबरोबर झाडलोट आली, शनिवारी दुपारपासून शेगडी पेटती ठेवणं आलं, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी दार उघडून उभं राहणंही आलं. त्यामुळे रेन्स्के ओस्टरहोफला मी जितक्या वेळा सायकलवरून येताना पाहिलं, तितक्या वेळा दुसऱ्या कोणी पाहिलं नसेल. बाकीच्यांना ती फक्त ऐकू यायची. आमचा ऑर्गन वर माडीवर आहे, आणि वाजवणाऱ्याची नुसती पाठ खालून दिसते. तीसुद्धा कोणी मुद्दाम मान वळवली तर.

रेन्स्के ओल्डेवेर्डची. ते गाव समुद्राच्या बांधाला अगदी चिकटून. तिचे वडील तिथल्या चर्चमध्ये ऑर्गनचा भाता तुडवायचे, आणि ऑर्गन वाजवायचे शाळामास्तर. बापाबरोबर जाता जाता ही पोर मास्तरांच्या बाकावर चढून बसायला लागली. पाय खाली पोचत नव्हते तेव्हापासून ती हातांनी वाजवायची, आणि पाय पोचायला लागले तेव्हा मास्तर म्हणाले, आता खरं शिकशील. कारण ऑर्गनला हातांनी वाजवायच्या पट्ट्या असतात तशा खाली पायांनी वाजवायच्या लांब लाकडी पट्ट्याही असतात. सगळे भारी, खोल सूर पायांकडे. नजर पुस्तकावर असते, त्यामुळे पाय न बघताच बरोबर जागी पडावे लागतात.

तिचं लग्न झालं नव्हतं. "होता होता राहिलं," एवढंच ती सांगायची. सोमवार ते शनिवार ती वुब्बो तामिंगांच्या खळ्यात बियाण्याचे बटाटे निवडायला जायची. आमचा म्हातारा ऑर्गनवाला वारला तेव्हा पाळकांनी तिला विचारलं, पुढचा माणूस मिळेपर्यंत येशील का? ती आली. पुढचा माणूस कोणी शोधलाच नाही. अशी वर्षं गेली.

ओल्डेवेर्डहून हार्सुमला यायचा रस्ता बांधाच्या कडेने येतो. एकही झाड नाही. डावीकडे बांध, उजवीकडे कालवा, आणि मध्ये वारा. उन्हाळ्यात ती गाणं गुणगुणत यायची. हिवाळ्यात मफलरमधून दोन डोळे तेवढे दिसायचे. सायकल भिंतीला टेकवून, मला मान हलवून ती सरळ जिना चढायची.

हिवाळ्यात तिचं वाजवणं बिघडायचं, ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. पहिलं गीत तर हमखास. वरचे सूर सुरळीत चाललेले असायचे आणि खालून मध्येच एखादा भलताच सूर घुमायचा, तळघरात कोणीतरी कपाट सरकवल्यासारखा. पोरं खाली माना घालून हसायची. तिसऱ्या गीतापर्यंत सगळं ठीक व्हायचं, पण लोकांच्या लक्षात पहिलंच राहायचं.

वुब्बो तामिंगा चर्चचे पंच. गावातली सगळ्यात मोठी शेती त्यांची, आवाजही तसाच. एका रविवारी जिन्याखाली त्यांनी तिला गाठलंच.

"रेन्स्के, माझ्या खळ्यात बटाटे निवडताना बरी तुझी चूक होत नाही!"

"बटाटे डोळ्यांनी निवडते मी, तामिंगा."

"म्हणजे इथे डोळे मिटून वाजवतेस?"

ती मफलर गुंडाळून सायकलकडे गेली. तामिंगांचं मन तसं वाईट नव्हतं. थंडीत दमून येते म्हणून होत असेल, असं त्यांना वाटलं आणि पुढच्या रविवारी ते स्वतः गाडी घेऊन तिच्या दारात गेले. दोन रविवार ती त्यांच्या गाडीतून आली. तिसऱ्या रविवारी पुन्हा सायकलवर.

"काय गं, गाडी पंक्चर झाली?" मी विचारलं.

"मी नको म्हटलं त्यांना."

"का?"

"सबंध रस्ताभर बीट! यंदाचं बीट, गेल्या वर्षीचं बीट. बीट संपलं की स्तोत्रं किती हळू वाजवते मी, ते." मग म्हणाली, "आणि हार्मिना, सायकलवर असताना मी वाजवतच येते गं. पाय फिरत असतात ना, त्यावर गाणं बसतं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं बांधावरच ठरतं. गाडीत पाय नुसते पडून राहतात. उतरले की डोकं रिकामं."

तामिंगांना हे कारण तिने सांगितलं नाही, नुसतं नको म्हणाली. गावातल्या मोठ्या माणसाला नुसतं नको म्हणून चालत नाही. त्यांना ते लागलं.

जानेवारीत कालवा गोठला त्या आठवड्यातली गोष्ट. प्रार्थना संपल्यावर सगळे कॉफीला गेले. रेन्स्के खाली आली नाही म्हणून मी तिचा कप घेऊन माडीवर गेले. ती बाकावर आडवी बसली होती, बूट-मोजे काढून, पाय मफलरमध्ये गुंडाळून. मी मफलर बाजूला केला. पायांची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती.

"अगं, हे काय?"

"काही नाही. येतील परत."

"कोण येतील?"

"बोटं. गेलीत कुठंतरी. येतात थोड्या वेळानं."

"आणि वाजवताना?"

"अंदाजानं टाकते पाय. तिसऱ्या गीताच्या आसपास येतात बहुतेक. येताना फार दुखतं, पण मग कळतं तरी कुठं आहेत ते." तिने कप घेतला आणि दोन्ही हात त्याच्याभोवती धरले. "कोणाला सांगू नकोस."

मी कोणाला म्हणजे गावाला सांगितलं नाही. पण नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा एप्पो पोस्टमन. बारा महिने सायकलवर, त्यामुळे पाय या विषयावर त्याला कोणी नुसतं छेडलं की तो सुटलाच. त्याने तिला आमच्या घरी जेवायला बोलावलं. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मोहरीचं सूप पोटात गेल्यावर त्याने तिचे बूट मागितले आणि दिव्याखाली धरले.

"हा बूट आहे की सुरीचं म्यान? आत मोजे किती घालतेस?"

"दोन. कधी तीन."

"म्हणूनच! पायाला थंडीनं नाही मारलं, तू गुदमरवून मारलंस. ऊब मोज्यात नसते बाई, मोज्याच्या आजूबाजूच्या रिकाम्या जागेत असते."

"मग तुझं डोकं सगळ्यात उबदार असेल," मी म्हणाले.

रेन्स्के खो खो हसली. ती अशी हसते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"हसा. ब्रेडच्या पिशव्या घालून पाहिल्यास का पायात?" एप्पोने विचारलं.

"पाहिल्या."

"मग काय झालं?"

"भिजले ते भिजलेच."

"आतून भिजले! पिशवी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि घाम बाहेर जाऊ देत नाही. पोचेपर्यंत पाय उकडलेल्या बटाट्यासारखे. आता चल, तुझी सायकल बघू."

अंगणात त्याने पुढच्या चाकापाशी बसकण मारली. लोकांना वाटतं पाऊस वरून येतो, तो म्हणाला, पण पाय भिजवणारं पाणी खालून येतं, आपल्याच चाकाने उडवलेलं. पुढच्या मडगार्डला त्याने जुन्या रबराचा एक रुंद तुकडा बसवला, जमिनीला जेमतेम टेकणार नाही इतका लांब. पेडल उघड्या लोखंडाची होती. लोखंड पायातली ऊब पिऊन टाकतं म्हणून त्यावर त्याने लाकडाचे ठोकळे चढवले. मग स्वतःचे पोस्टातले जुने बूट आणून दिले, तिच्या पायाला चांगलेच मोठे. आत वर्तमानपत्राची घडी, एकच जाड लोकरीचा मोजा, आणि दुसरा कोरडा जोड कोटाच्या आत छातीशी, पोचल्यावर बदलायला.

"आणि बोटं हलवत राहा. मोकळ्या बुटात हलवता येतात."

"तशी मी हलवतेच," ती म्हणाली. "पण आत्तापर्यंत जागा नव्हती."

त्यानंतरच्या रविवारी पहिलं गीत नीट वाजलं. पोरं हसायला टपून बसली होती, त्यांची निराशा झाली. माडीवर गेले तर ती बोटं वर करून दाखवायला लागली. सगळी गुलाबी, फक्त डाव्या पायाची करंगळी अजून रुसलेली.

पण तोवर उशीर झाला होता. पंचमंडळाने शहरातल्या एका तरुण ऑर्गनवाल्याला बोलावून त्याचं वाजवणं ऐकलं होतं. ईस्टरपासून त्याला घ्यायचं ठरत होतं. तामिंगांनीच हे तिला सांगितलं, खळ्यात, बटाट्यांच्या टेबलापाशी. तुझ्यावर राग नाही, तो गाडीने येतो, वेळेवर येतो, असं काहीतरी म्हणाले. रेन्स्केने मान हलवली आणि एक सडका बटाटा उचलून टोपलीत टाकला. हे मला तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईकडून कळलं, रेन्स्केकडून नाही. मी विषय काढला तर म्हणाली, "तो चांगला वाजवतो. मी ऐकलं जिन्यात उभं राहून."

वुब्बो तामिंगांची बायको आलिडा त्या हिवाळ्यात फार आजारी होती. बरी होती तोवर ती कधीकधी आठवड्याच्या मधेच यायची, रेन्स्के सराव करत असली की मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसायची. दोघी एकमेकींशी फारसं बोलत नसत. सराव संपला की आलिडा सुया गुंडाळायची, वर बघून म्हणायची, "येते गं," आणि वरून आवाज यायचा, "बरं." एवढंच.

फेब्रुवारीत आलिडा गेली. दुसऱ्या दिवशी तामिंगा खळ्यात आले, काळी टोपी हातात धरून.

"आलिडानं सांगून ठेवलंय. तूच वाजवायचं."

"वाजवीन."

"गाडी पाठवतो."

"नको. त्या दिवशी तुमच्या गाडीला दुसरी कामं असतील."

मातीच्या दिवशी पहाटेपासून पाऊस. बर्फ वितळायला लागला होता, पण जमीन आत गोठलेली, पाणी मुरायला जागा नाही. कालव्याचं पाणी वळणापाशी रस्त्यावर चढलं होतं आणि त्यावर बर्फाचा पापुद्रा होता. रेन्स्के उतरून सायकल ढकलत निघाली. मधोमध पापुद्रा फुटला, पाय कडेला घसरला आणि ती सायकलसकट पडली. पाणी बुटात वरून शिरलं. त्यावर एप्पोकडेही इलाज नव्हता. छातीशी ठेवलेले कोरडे मोजेही चिंब झाले.

मी दारात उभी होते. ती आली तेव्हा बूट पिळल्यासारखे आवाज करत होते. मी तिला चर्चला लागून असलेल्या पंचांच्या खोलीत नेलं. तिथे कॉफीसाठी किटली ठेवलेली असते. बादलीत कोमट पाणी ओतलं, तिचे बूट ओढून काढले आणि पाय पाण्यात घातले. ती दात आवळून बसली होती. पाय काचेचे असावेत तसे पांढरे आणि कडक. माझ्या पायात काळे नायलॉनचे मोजे, ते देऊन उपयोग नव्हता. एप्पो घंटा वाजवत होता, घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि माणसं येऊन बसायला लागली होती.

"मी वाजवेन," ती म्हणाली. "अंदाजानं वाजवेन."

"गप्प बस जरा."

घंटा थांबली. सगळीकडे शांतता. आता ऑर्गन सुरू व्हायला हवा होता. दार उघडलं आणि तामिंगा आत आले.

"काय चाललंय? लोक..."

त्यांनी बादली पाहिली. तिचे पाय पाहिले.

"पाणी गरम नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

"कोमट आहे."

"कोमटच हवं. गरमानं कातडी फुटते." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "हे असंच असतं का? दर हिवाळ्यात?"

रेन्स्के म्हणाली, "आज जरा जास्त आहे."

तामिंगा खुर्चीवर बसले, वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. वाकताना त्यांना धाप लागत होती. काळे चकचकीत बूट बाजूला ठेवले. आत करड्या लोकरीचे जाड मोजे होते, हाताने विणलेले. ते काढून त्यांनी तिच्यापुढे धरले.

"घाल."

"तामिंगा, अहो, तुम्हाला बाहेर चिखलात उभं राहायचंय. कबरीपाशी."

"मला नुसतं उभं राहायचंय. तुला वाजवायचंय. घाल म्हणतो ना!"

मी टॉवेलने तिचे पाय कोरडे केले. मोजे अजून उबदार होते. तामिंगांनी अनवाणी पाय परत बुटांत सरकवले, नाड्या बांधल्या, टोपी उचलली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. रेन्स्के मोज्यांतच जिना चढली. ऑर्गन वाजवताना घालायचे तिचे बूट वर ठेवलेले असायचे, पण त्या जाड मोज्यांवर ते चढेनात, म्हणून ती तशीच मोज्यांनी वाजवायला बसली.

मी मागे दारापाशी उभी राहून ऐकलं. तिने फार हळू सुरुवात केली, नेहमीपेक्षाही हळू. खालचा पहिला सूर आला, आणि तो जागेवर पडला. दुसराही पडला. चुका झाल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही, तिसऱ्या कडव्यात एक झाली. पण लोक गात होते आणि गाताना कोणी मागे वळून पाहिलं नाही.

कबरीपाशी पाऊस कमी झाला होता. माती निसरडी. तामिंगा काठाशी उभे होते, आणि पँट आणि बूट यांच्यामध्ये त्यांचा पांढरा घोटा मला दिसत होता. पाळक बोलत होते. तामिंगांनी एकदा या पायावरचा भार त्या पायावर घेतला, मग परत या पायावर. कोणाला वाटलं असेल दुःखाने उभं राहवत नाही. दुःख होतंच.

पुढच्या आठवड्यात रेन्स्केने मोजे धुऊन, टाचेपाशी विरलेली लोकर रफू करून, कागदात गुंडाळून खळ्यात नेले. ही हकीकत मात्र तिनेच मला सांगितली.

"ठेव तुला," तामिंगा म्हणाले.

"मला मोठे होतात. आणि आलिडाच्या हातचे आहेत."

"तिनं किती जोड विणले, आणि मी सगळे शेतात घालून फाडले. धड असा हाच राहिलाय." त्यांनी टाचेवरची रफू अंगठ्याने चाचपली. "चांगली केलीस."

"तिसऱ्या कडव्यात माझं चुकलं."

"मला काही ऐकूच आलं नाही," ते म्हणाले. "अगदी खरं सांगतो. आधी सगळं लक्ष आलिडाकडे. मग त्या दगडी फरशीवर माझे पाय असे गारठले, की पाळक काय बोलले, लोकांनी काय गायलं, काही कळलं नाही. मी माझ्या पायांचाच विचार करत होतो. बायकोच्या मातीला! गार पायांनी माणसाला नुसतं बसून ऐकतासुद्धा येत नाही. आणि तू इतकी वर्षं..."

वाक्य पुरं न करताच ते मोजे घेऊन घरात गेले.

शहरातल्या तरुणाला शब्द दिलेला होता, तो मोडता येईना. पंचमंडळात तामिंगांनी एवढंच म्हटलं म्हणे, की त्याने महिन्यातून एक रविवार वाजवावं, बाकी आहे तसंच राहू द्या, आणि माडीवर विजेची एक लहान शेगडी बसवा. कोणी कारण विचारलं नाही. रेन्स्के त्या शेगडीवर कुरकुरायची, जळक्या धुळीचा वास येतो म्हणायची, पण पोचल्याबरोबर बटण दाबायची. गाडीने येणाऱ्या त्या पोराचे पायही शेगडीपुढेच असायचे.

तामिंगांनी पुन्हा गाडी देऊ केली नाही. मात्र बर्फ पडला की त्यांचा ट्रॅक्टर रविवारी सकाळी बांधावरचा रस्ता मोकळा करून जायचा. त्या रस्त्याने त्यांच्या शेताकडे जाता येत नाही.

डाव्या पायाच्या करंगळीत जीव परत आला नाही. रेन्स्के म्हणायची, त्या बोटावाचून वाजवायला शिकले मी, तसंही ते फार कामाचं नव्हतं. ती पुढे खूप वर्षं वाजवत राहिली. सोडलं ते पायांमुळे नाही, हातांच्या सांध्यांमुळे.

मध्ये एकदा आम्ही दोघीच चर्चमध्ये होतो, मी मेणबत्त्यांचे डाग खरवडत होते आणि ती पुस्तकं गोळा करत होती. मी विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस गं कोणाला? तुझी टर उडवत होते लोक."

हातातली पुस्तकं खाली ठेवत ती म्हणाली, "हात दुखले असते तर सांगितलं असतं. हात लोकांना माहीत असतात. पाय काय, खाली असतात. आणि कोणी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नसतं," ती म्हणाली आणि हसली. मग मफलर गुंडाळून बाहेर पडली, कारण अंधारायला आलं होतं आणि जाताना वारा समोरून असणार होता.